त्याचं नाव काढून टाक

११ जानेवारी

भाचीबाई,

आशीर्वाद घे, पण आज ते दातओठ खात देतोय हे लक्षात ठेव.

हे पत्र सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. फोन केला की तू "मामा, अॅपमध्ये लिही ना" म्हणून माझं तोंड बंद करतेस. कागदाला तसं म्हणता येत नाही. उत्तरही कागदावरच दे, चष्मा लावून नीट वाचीन.

तुझं ते निळं अॅप आमच्या साइटवर आजपासून बंद. तुम्ही मुख्य ऑफिसात पंख्याखाली बसून कामांची वेळापत्रकं करता, आम्ही इथे इमारती पाडतो. एकतीस वर्षं पाडतोय, चौदा माणसं माझ्या हाताखाली आहेत. तुझ्या अॅपात तीन खाने: करायचंय, चाललंय, झालं. कामाची चिठ्ठी बोटाने ढकलायची. अगं, हातात चामड्याचे मोजे घालून काय ढकलणार माणूस? आज घणवाल्याने घाम पुसता पुसता पूर्वेच्या भिंतीची चिठ्ठी "झालं"मध्ये ढकलली. भिंत अर्धी पण फोडली नव्हती. पोकलेनवाल्याने "झालं" वाचलं आणि दिली धडक. भिंत आमच्याच अंगावर आली. पाण्याच्या टाकीचा चेंदामेंदा झाला आणि एकाचा घोटा मोडला.

मी घणवाल्याची कॉलर धरली. म्हणतो कसा, "मी नाही, अॅपने केलं." एक ठेवून दिली त्याच्या कानाखाली. आमच्या धंद्यात एकच नियम आहे, ज्याने कापलं त्याने "कापलं" म्हणायचं नाही. दुसऱ्याने जाऊन बघायचं आणि मग बोलायचं. तुझ्या अॅपात ज्याचं काम तोच खूण करतो. हे कुठल्या शहाण्याने बनवलं?

तुझा दादा मध्ये पडला, "मामा, सोड त्याला" म्हणाला. त्यालाही हाकलला. चहाला परत आला होता, ते सोड.

तुझा मामा

१४ जानेवारी

मामा,

नमस्कार. पत्र वाचून आधी हसले आणि मग घोटा मोडल्याच्या ओळीशी अडकले. कोणाचा मोडला ते लिहिलं नाहीस. दादाचा नव्हता एवढं धरून चालतेय.

निळं अॅप मी निवडलं नव्हतं, ते मालकीणबाईंनी निवडलं. त्यांच्या एका मैत्रिणीचं केकचं दुकान त्यावर चालतं. मी आता पिवळं घेतलंय. त्यात तुझा नियम बसतो, एकाने काम संपवलं की दुसऱ्याच्या फोनवर घंटी वाजते, तो बघून होकार देतो. नाही दिला तर दर पाच मिनिटांनी घंटी.

आता दादाबद्दल. तू त्याला महिन्यात पाचदा हाकलतोस आणि पाचदा परत घेतोस. इथे माझ्या यादीत तो सकाळी आहे, अकराला नाही, चारला पुन्हा आहे. माझं डोकं उठतं. यापुढे तोंडी हाकलणं मी धरणार नाही. खरंच हाकललास तर लेखी दे, मी नाव काढीन. आणि खरं सांगू? तू दिलंस तर मला वाईट वाटणार नाही. त्याच्या हातांवर गॅसकटरने भाजल्याचे डाग मोजायला बसले तर पुरे पडणार नाहीत. आई जाताना तू "ह्याला मी सांभाळतो" म्हणालास. हे सांभाळणं असेल तर ते पुरे झालं.

तुझी भाची

२ फेब्रुवारी

भाचीबाई,

तुझ्या पिवळ्या अॅपचं सांगतो. ऐकून घे, मग हसायचं तर हस.

दुसऱ्या मजल्यावर दोघं होते. एक पहार धरून उभा, दुसरा तिच्यावर घण घालणार. घण डोक्यावर गेला आणि पहारवाल्याच्या खिशात तुझी घंटी वाजली. तो दचकला. घण पहारीवर बसायचा तो त्याच्या मनगटाला चाटून गेला. त्याने आधी आईबहीण केली, मग घणवाल्याच्या तोंडावर गुद्दा हाणला. त्याचे पुढचे दोन दात बाहेर. मग खालून चार जण धावले, कोण कोणाच्या बाजूने ते त्यांनाही ठाऊक नसावं. तुझ्या दादाने एकाला कमरेला धरून वाळूत फेकला. मी फळी घेऊन सगळ्यांच्या पाठी शेकल्या तेव्हा कुठे थांबले.

आणि हे चालू असताना सगळ्यांच्या खिशात घंट्या वाजतायत! पहारवाल्याचा फोन घेतला, दगडावर ठेवला आणि घण घातला. पहिल्या घावात मेला नाही. दुसऱ्यात मेला. पैसे कापा माझे.

आमचे पत्र्याचे बिल्लेच बरे. आत जाताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात घालायचा, बाहेर आला की परत अडकवायचा. सगळे खिळे भरले की मी शिट्टी मारतो आणि पोकलेन दोर ओढतं. एकतीस वर्षांत माझ्या शिट्टीनंतर आत कोणी सापडलेला नाही. त्याला ना घंटी लागते ना चार्जिंग.

मामा

७ फेब्रुवारी

मामा,

दोन दात, एक मनगट आणि एक फोन. मालकीणबाईंना मी फक्त फोनचं सांगितलं.

तिसरं आणि शेवटचं अॅप पाठवतेय. हे निवडायला मी तीन रात्री घातल्यात, त्यामुळे उघडायच्या आधी शिव्या देऊ नकोस. घंटी नाही, ढकलाढकली नाही. फाटकापाशी एक मोठा पडदा लावून देतील. वर जाताना प्रत्येकाने आपलं काम उघडायचं, खाली आल्यावर दुसऱ्याने बघून बंद करायचं. आत एकाचंही काम उघडं असेल तर पडदा लाल. सगळी बंद झाली की हिरवा. तुझे बिल्लेच समज, फक्त ते दहा पावलांवरून दिसतील.

नावं घालायची आणि काढायची ती मात्र मीच, इथून. तुमच्यातल्या कोणाच्या हातात मी ते देणार नाही, मारामाऱ्यांमध्ये तुम्ही एकमेकांची नावं उडवाल.

भाची

१ मार्च

भाचीबाई,

हरलो. हे तुझं लाल-हिरवं चांगलं आहे. पहिल्यांदा तुमच्या ऑफिसातून डोळे असलेली वस्तू आली.

तीन आठवडे झाले. उत्तरेचा सगळा भाग पाडला, नख मोडलं नाही कोणाचं. एकदा पडदा लाल होता म्हणून थांबलो, तर तुझा दादा वर कॉलमच्या मागे बसून भाजीपोळी खात होता. खाली आणून दोन लगावल्या, पण मनातून पडद्याला हात जोडले.

बिल्ले मात्र बंद केले. पडदाही बघायचा आणि बिल्लेही अडकवायचे, हे जमत नाही. दोन ठिकाणी सांगायला लावलं की माणसं दोन्हीकडे थापा मारतात. कोणी बिल्ला अडकवून परत वर जायचा, कोणी बिल्ला खिशात घालून घरीच. शेवटी म्हटलं, एकावर भरवसा ठेवायचा. तो तुझ्यावर ठेवला.

उद्यापासून मधला भाग. चार मजले, जाड कॉलम. दादाला कापायला भरपूर काम आहे. त्याच्यासारखा कापणारा मी पाहिलेला नाही, पण त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

मामा

१७ मार्च

भाचीबाई,

ह्या वेळी चहाबिहा नाही. लेखी देतोय, तू मागितलं होतंस तसं.

तुझ्या दादाने आज माझ्यावर हात उचलला. दोर बांधायच्या आधी त्याने कॉलम कापायला घेतला, मी खालून ओरडलो, तो ऐकेना. वर गेलो आणि म्हणालो, "तुझ्या आईने जाताना माझ्या गळ्यात तुला बांधलं, ते जनावर बांधलं असतं तर बरं झालं असतं." चौदा माणसांसमोर म्हणालो. त्याने हेल्मेट काढलं आणि माझ्या तोंडावर हाणलं. मी पडलो, तर वर बसून आणखी दोन. डावा कान फुटलाय, लिहिताना कागदावर रक्त पडतंय, ते तुला दिसेलच.

मी काय बोललो ते मला कळतं. पण मामावर हात? ज्याने त्याला चालायला शिकवलं त्याच्यावर?

संपलं. माझ्या साइटवर त्याचं पाऊल नको. त्याचं नाव काढून टाक.

मुकादम

१८ मार्च

मामा,

सकाळी साडेनऊला नाव काढलं. तुझं पत्र फाइलला लावलंय.

कान दाखवून घे.

भाची

२६ मार्च, हॉस्पिटल

मामा,

आजही तू जिन्यापर्यंत आलास आणि परत गेलास. वॉचमन म्हणाला, "कानाला पट्टी बांधलेले एक गृहस्थ येतात आणि जातात." लाज वाटते ना? वाटायलाच हवी.

आज सहावा दिवस. दादाचा उजवा हात कोपराच्या वर कापलाय. तीन बरगड्या आणि मांडी मोडली आहे. भूल उतरली की तो ओरडतो, मग मी त्याच्या तोंडात टॉवेल देते, तो चावतो. काल टॉवेल फाटला.

आता मला सांग. तू मला लेखी दिलंस, "त्याचं पाऊल नको." रक्ताचे डाग असलेला कागद दिलास. मग वीस तारखेला अकरा वाजता तो तिसऱ्या मजल्यावर काय करत होता? पडदा हिरवा होता कारण त्याचं नाव त्यात नव्हतंच. नाव गेलं की त्याची उघडी कामंही जातात, मग तो आत असो की बाहेर, पडद्याला तो माणूसच नाही. हे मला ठाऊक आहे, पण तुला कोणी सांगितलं होतं त्याला परत घ्यायला? घेतलास तर एक ओळ लिहायला काय हात मोडला होता तुझा? हात त्याचा गेला, मामा!

तुझं थोबाड समोर असतं तर मी दादाचं राहिलेलं काम पुरं केलं असतं.

२८ मार्च

बये,

मार. समोर येईन तेव्हा मार, मी हलणार नाही.

अठरा तारखेला सकाळी सातला तो फाटकात उभा होता. "चुकलं" म्हणाला नाही, मीही म्हणालो नाही. तो मोजे घालायला लागला. मी म्हटलं, "कापायचंय ना, उभा काय राहिलास?" झालं, आमची भांडणं अशीच मिटतात, तू लहानपणापासून बघत आलीस. त्याचं नाव काढल्याचं तुझं पत्र संध्याकाळी गाडीने आलं. दोन रात्री लिहायला बसलो. काय लिहू? लेखी दिलेला शब्द चोवीस तास टिकला नाही, असं भाचीला लिहू? उद्या लिहू म्हटलं. त्याच्या फोनवर काम उघडत नव्हतं, तो म्हणाला, "मामा, मी यादीत दिसत नाही." मी म्हटलं, "सांगतो तिला." नाही सांगितलं.

वीस तारखेला दोर ताणलेला होता. ट्रकवाल्याशी माझी हमरीतुमरी चालली होती. वळून पडद्याकडे पाहिलं, हिरवा. वर पाहिलं नाही. शिट्टी मारली. स्लॅब खाली आला आणि धूळ बसायच्या आत त्याचा आवाज आला. हातांनी दगड उपसले आम्ही. माझी सहा नखं गेली, ती काही लागत नाहीत मला.

ही माझी चूक. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही म्हणून विचारतो. हजेरी मी अजून कागदावर घेतो आणि रोज संध्याकाळी गाडीने पाठवतो. अठराच्या आणि एकोणीसच्या हजेरीत त्याचं नाव आहे, माझ्या अक्षरात, दुसऱ्या ओळीत. ते कागद तुझ्याच टेबलावर येतात. तू बघितले नाहीस?

मामा

१ एप्रिल

मामा,

बघितले.

चार दिवस हा एकच शब्द लिहून फाडतेय. अठराची हजेरी एकोणीसला सकाळी पाहिली. दुसऱ्या ओळीत दादा. मला हसूच आलं आधी, म्हटलं, आला परत. नाव पुन्हा घालायला अर्धं मिनिट लागतं. मी घातलं नाही. मला वाटलं, राहू दे असंच. फोनवर काम दिसणार नाही, महिनाअखेरीला पगार येणार नाही, मग तो चिडेल, तुझ्याशी कायमचं भांडेल आणि त्या नरकातून बाहेर पडेल. इथे सामानाच्या गोदामात जागा होती, मी त्याच्यासाठी विचारूनही ठेवलं होतं. वीस तारखेला दुसरा कागद आला, तो मी पहिल्याच्या खाली सरकवला. दहा वाजले होते. साडेअकराला तुझा फोन आला.

पडद्याचं माझ्या डोक्यात आलंच नाही, असं अपघाताच्या चौकशीत म्हणता येईल. पण ते अॅप मी निवडलंय, त्याचा प्रत्येक कोपरा मला पाठ आहे. डोक्यात आलं होतं. मी म्हटलं, मामाचे बिल्ले आहेत ना. बिल्ले बंद केल्याचं तू लिहिलं होतंस, आणि मी ते विसरले.

आता मालकीणबाई काय म्हणतात ते ऐक. म्हणतात, तो त्या दिवशी आपला माणूस नव्हता. हाकललेला माणूस जबरदस्तीने आत घुसला, त्याची जबाबदारी त्याच्यावर. पुरावा तुझं सतराचं पत्र. फाइलमधून काढून त्यांनी ते काचेखाली ठेवलंय. मी आज सकाळी दोन्ही हजेऱ्या चौकशीवाल्या बाईंच्या हातात दिल्या आणि मी काय केलं ते सांगितलं. दुपारी मला घरी पाठवलं. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले, तेही लेखी.

दादाला अजून वाटतं त्याचीच चूक. सारखं म्हणतो, "शिट्टी झाली असणार, मलाच ऐकू आली नाही." काल मी त्याला माझं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

चौकशी सहा तारखेला. त्याच्या आधी तुझं तू त्याला सांग. जिन्यापर्यंत नाही, त्याच्या खाटेपर्यंत ये. माझ्याकडून निरोप जाणार नाही.

भाची

४ एप्रिल

भाचीबाई,

तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा गेलो. तुझी वाट पाहिली असती तर पुन्हा पळालो असतो.

तो उठून बसला होता, उशीला टेकून. मला बघून म्हणाला, "कान कसा आहे?" मी म्हटलं, "वाजतो अधूनमधून." मग तोच सुरू झाला. "मामा, माझंच चुकलं. कटरचा आवाज होता, शिट्टी ऐकू आली नाही. तू उगाच जीव खाऊ नकोस, सहा तारखेला मी तसंच सांगणार आहे."

मी स्टूल ओढून त्याच्या अगदी जवळ बसलो आणि सांगितलं. तुला लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. त्या दिवशी नऊला त्याला वर मीच पाठवलं होतं. "तिसऱ्या मजल्यावरचा मधला कॉलम घे, मी सांगेपर्यंत खाली येऊ नकोस" असं मी म्हणालो होतो. तो थांबला, कारण मी थांबायला सांगितलं होतं. मग खाली ट्रकवाल्याच्या नादात मी त्याला विसरलो. पडदा बिघडला नव्हता, बाई. नाव फक्त तुझ्या यादीतून नव्हतं गेलं, ते माझ्या डोक्यातूनही गेलं होतं. सहा तारखेला हेच सांगणार आहे, मालकीणबाईंच्या तोंडावर. पुढे तुरुंग असेल तर तुरुंग.

तो ऐकत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग डाव्या हाताने खाडकन एक ठेवून दिली माझ्या फुटक्या कानावर. स्टूलावरून जवळजवळ पडलोच. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ओरडला, नर्स धावत आली, मी तिला हाताने थांबवलं. म्हटलं, "मार. अजून मार, पोरा."

दुसरी मारायला त्याने उजवा खांदा उचलला, जोरात, नेहमीसारखा. खांदा पुढे आला. मग त्याने खाली पाहिलं, मीही पाहिलं. मी गाल तसाच पुढे धरून बसलो होतो.

मामा